तीनशे लाऱ्यांचा खजिना

खजिन्याच्या शोधाची गोष्ट ऐकताना माणसाचे वय गळून पडते, असा आमचा अनुभव आहे. गेल्या सुटीत घरातील मुलांच्या आग्रहास्तव आम्ही त्यांच्यासमवेत एक कार्टूनपट पाहावयास बसलो. पाच-दहा मिनिटे पाहून उठावे असा मनात हेतू होता. प्रत्यक्षात शेवटपर्यंत जागचे हाललो नाही. चित्रपट टिनटिन नावाच्या तरुण वार्ताहराचा. एर्झे या बेल्जियन चित्रकाराने १९४२-४३ साली वृत्तपत्रातून चित्रमालेच्या रूपाने सांगितलेली कथा स्टीव्हन स्पीलबर्ग या दिग्दर्शकाने २०११ साली पडद्यावर आणली. एकाच गलबताच्या तीन लहान प्रतिकृती, प्रत्येकीच्या डोलकाठीत दडविलेली एक चिठ्ठी, तिन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवून उजेडासमोर धरल्या म्हणजे उमटणारा पत्ता, आणि त्या चिठ्ठ्यांपायी समुद्रावर व वाळवंटात चाललेली जीवघेणी धावपळ. अखेरीस खजिना सापडतो तो पूर्वजांच्या वाड्यात, पृथ्वीच्या एका गोलामध्ये. जगात कोठेच नसलेले एक बेट त्या गोलावर दाखविलेले असते. तेथे बोट दाबताच गोल उघडतो आणि आत मोहरा झळकतात.

मुलांनी टाळ्या पिटल्या. मग धाकट्या नातीने विचारले, ‘‘आजोबा, आपल्या बिदरकडे कोणी असा खजिना शोधला होता का?’’

‘‘शोधला होता तर. खुद्द बादशहाने.’’

‘‘मग सापडला?’’

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणे आम्हांस जमले नाही. त्या दिवशी तिला जे सांगता आले नाही, ते येथे सविस्तर लिहीत आहोत.

बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाचे जिल्हे महाराष्ट्राच्या सीमेस लागून आहेत. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या गावांच्या बाजारात कानडी, मराठी आणि दक्खनी उर्दू यांची अशी सरमिसळ चालते की, वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपते. या भूमीत गुप्तधनाच्या वार्ता पिकाव्यात यात नवल नाही. येथे राजधान्यांवर राजधान्या झाल्या आणि लुटल्या गेल्या. सेडमजवळचे मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. माळव्याच्या सीयक परमाराने ९७२ साली ते लुटले. ही लूट इतकी गाजली की, धनपाल नावाच्या कवीने आपल्या प्राकृत कोशाचे वर्ष सांगताना तिचा उल्लेख केला. पुढे कल्याणी चालुक्यांचे कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, नांदले. १३४७ साली बहामनी राज्याची गादी कलबुर्गीस स्थापन झाली आणि पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बिदरास गेली. राजधानी पडली म्हणजे पळणारा धनिक आपले द्रव्य जमिनीत पुरून जातो, ही समजूत सर्व जगात आहे. आमच्याकडे ती अधिक घट्ट असल्यास दोष इतिहासाचा आहे.

या विषयाची कायदेशीर बाजूही याच मातीत लिहिली गेली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हिंदू धर्मशास्त्रात वारसा व वाटणी यांच्या बाबतीत शतकानुशतके प्रमाण मानलेली ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका विज्ञानेश्वरांनी सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत कल्याणास लिहिली. तीत निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, विचार आहे. राजाला निधी सापडला तर त्याने अर्धा ब्राह्मणांस द्यावा. सामान्य माणसाला सापडला तर शोधणाऱ्याला सहावा हिस्सा देऊन बाकीचा राजाने घ्यावा. आणि सापडूनही जो कळविणार नाही, त्याच्याकडून निधी तर घ्यावाच, वर दंडही करावा. इंग्रजांनी १८७८ साली केलेला निखात निधीचा कायदा वाचताना आम्हांस या जुन्या तरतुदीची आठवण झाली. तेथेही पहिली अट तीच आहे : सापडले की सरकारास कळवा.

दुर्दैव असे की, कळविणारे थोडे आणि खणणारे फार. नंदीच्या खाली धन असते, लिंगाच्या पिंडीखाली हंडा असतो, असल्या अफवांपायी आडरानातील किती देवालयांची जोती उकरली गेली, किती वीरगळ आडवे पडले, याची मोजदाद करू लागल्यास जीव उबगतो. कानडी मुलखात अशांना ‘निधीगळ्ळरु’, म्हणजे निधीचोर, असे सरळ नावच आहे. महाराष्ट्राने २०१३ साली आणि कर्नाटकाने २०१७ साली केलेल्या कायद्यांनी गुप्तधनासाठी केली जाणारी अघोरी कृत्ये गुन्हा ठरविली. तथापि कुदळ अजून थांबलेली नाही. ज्या मूर्तीला आठशे वर्षे कोणी धक्का लावला नव्हता, ती एका रात्रीत दुभंगते. खाली निघतो तो मुरूम.

आता बादशहाच्या शोधाकडे वळू.

महमूद गवान हा मूळचा इराणातील गिलान प्रांताचा. चाळिशी उलटल्यावर, १४५३च्या सुमारास, तो व्यापारी म्हणून दाभोळच्या बंदरात उतरला. बिदरच्या एका सत्पुरुषाचे दर्शन घेऊन पुढे दिल्लीस जावे असा त्याचा बेत होता. सुलतान अल्लाउद्दिनाने त्यास ठेवून घेतले. पुढच्या बादशहाने त्याला ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब दिला. तिसऱ्या महंमदशहाच्या बालपणी राज्यकारभार राजमाता आणि गवान यांच्या हाती आला, आणि शहा वयात आल्यावरही वजीर तोच राहिला.

आमच्या कोकणी वाचकांस हे नाव प्रेमाने घेण्याचे कारण नाही, हे आम्ही जाणतो. खेळणा, म्हणजे विशाळगड, आणि संगमेश्वर या भागांत त्याने कठोर मोहिमा केल्या. १४७२ साली विजयनगरच्या ताब्यातील गोवे त्यानेच जिंकून बहामनी राज्यास जोडले. सप्तकोटीश्वराच्या देवालयावर बहामनी फौजांचा घाला पडला तो याच्या शंभर वर्षे आधीचा. त्या वेळी भाविकांनी लिंग शेताच्या बांधाखाली पुरून ठेवल्याची परंपरा आहे. गोमंतकात ‘पुरलेले धन’ म्हटले की प्रथम आठवावे ते हे. आक्रमकाच्या राज्याचा हा वजीर होता, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. परंतु शत्रुपक्षातील सचोटीही इतिहासाने नोंदवावयाची असते, आणि या माणसाच्या सचोटीची परीक्षा जशी झाली तशी फार थोड्यांची झाली असेल.

त्याच्या वैभवाविषयी लोकांची कल्पना काय होती, हे एका रशियन व्यापाऱ्याच्या टिपणांवरून कळते. अफानासी निकितीन हा त्वेर शहराचा रहिवासी चौल बंदरात उतरून बिदरास आला होता. एक घोडा विकून नशीब काढावे, एवढीच त्याची आकांक्षा. त्याने लिहून ठेवले आहे की, या देशाचे सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि रयत मात्र अत्यंत दैन्यात आहे. मलिक-तुज्जाराच्या पंगतीला रोज पाचशे माणसे बसतात, त्याच्या पागेत दोन हजार घोडे आहेत, असेही तो सांगतो. परक्या वाटसरूची ही समजूत असेल तर दरबारातील मत्सरी मंडळींची काय असेल! त्यातच गवानाने जमिनीची मोजणी सुरू केली, मोठे सुभे फोडून लहान केले, सुभेदाराच्या हाती एकाहून अधिक किल्ले राहू दिले नाहीत आणि फौजेच्या हजेरीची तपासणी मांडली. ज्यांचा हिशेब पाहिला जातो ते हिशेब पाहणाऱ्याचे मित्र होत नाहीत.

१४८१ साली सुलतान महंमदशहा पूर्वेकडे मोहिमेवर होता. मार्च महिन्यात निवडक स्वार घेऊन त्याने कांचीवर अकस्मात छापा घातला. तेथील देवालय सोन्याने व रत्नांनी मढविलेले आहे, असे त्याच्या कानी आले होते. ती लूट घेऊन तो कृष्णेच्या बाजूस परतला. कोंडापल्लीच्या छावणीत वजिराच्या वैऱ्यांनी डाव साधला. गवानाचा शिक्का सांभाळणाऱ्या हबशी गुलामास त्यांनी पैसा व मद्य देऊन वश केले. घडी घातलेल्या कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. आणि मग त्या कागदावर ओरिसाच्या राजास राज्यावर चालून येण्याचे निमंत्रण वजिराच्या नावाने लिहिले. या कटाचा सूत्रधार मलिक हसन निजाम-उल्-मुल्क. याचेच कुळ पुढे अहमदनगरच्या गादीवर बसले, आणि त्याचे मूळ पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घराण्यात होते अशी परंपरा आहे.

वजिरास बोलावणे गेले. पळून गुजरातेत जावे, स्वार तयार आहेत, असे हितचिंतकांनी विनविले. तो पळाला नाही. धन्याशी द्रोह करणाऱ्या चाकरास शिक्षा कोणती, असे सुलतानाने विचारले. तलवार, असे गवानाने उत्तर दिले. तेव्हा पत्र पुढे टाकण्यात आले. शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही, एवढेच तो म्हणाला. सुलतान मद्याच्या धुंदीत होता. एप्रिलच्या ५ तारखेस, सत्तरी ओलांडलेल्या त्या वृद्धाचा शिरच्छेद झाला.

आणि आता शोध सुरू झाला. ही हकीकत फिरिश्त्याने दिली आहे. फिरिश्ता विजापुरास बसून सव्वाशे वर्षांनी लिहीत होता आणि स्वतः इराणी कुळाचा असल्याने परदेशी गटाविषयी त्याच्या मनात ओढा होता, हे लक्षात ठेवूनच ती वाचली पाहिजे. त्याला गवान थोर दाखवावयाचा आहे, हे उघड आहे. तरीही त्या हकीकतीतील बारकावे असे आहेत की, केवळ स्तुतीसाठी कोणी असे तपशील रचील हे आम्हांस पटत नाही.

सुलतानाने वजिराचा खजिनदार निजामुद्दिन हसन गिलानी यास पुढे बोलाविले आणि धन कोठे आहे ते विचारले. खजिनदाराने अभय मागून घेतले. मग त्याने सांगितले की, माझ्या धन्याचे खजिने दोन. एकाचे नाव बादशहाचा खजिना. जहागिरीचे उत्पन्न त्यात जमा होई आणि त्यातून फौज, घोडे, हत्ती व चाकर यांचा खर्च चाले. दुसऱ्याचे नाव गरिबांचा खजिना. त्यात या घटकेस तीनशे लाऱ्या शिल्लक आहेत.

एवढ्या मोठ्या वजिराजवळ एवढेच कसे, असा प्रश्न झाला. खजिनदार म्हणाला की, जहागिरीच्या वसुलातून फौजेचा खर्च भागल्यावर उरलेले सर्व बादशहाच्या नावाने गोरगरिबांस वाटले जाई. वजीर स्वतःकरिता त्यातील कवडी घेत नसे. इराणातून येताना त्याने चाळीस हजार लाऱ्या बरोबर आणल्या होत्या. त्या भांडवलावर तो अखेरपर्यंत व्यापार करीत राहिला. नफ्यातून रोज दोन लाऱ्या स्वतःच्या अन्नवस्त्रास घेई. बाकीचे आप्तांना आणि परदेशांतील विद्वानांना पाठवी. यापेक्षा एक लारी अधिक निघाली तर माझे तुकडे करावेत.

बिदरास राहत्या घरी धन पुरले असेल, असे मत्सरी मंडळींनी सुचवून पाहिले. तेव्हा एकेका कारखान्याच्या कारभाऱ्यास हजर करण्यात आले. फरासखान्याचा प्रमुख म्हणाला, तंबू व गालिचे येथे छावणीतच आहेत. बिदरास मशिदीत व मदरशात अंथरलेल्या चटयांखेरीज काही नाही, आणि धनी स्वतः चटईवरच निजत असे. मुदपाकखान्याचा कारकून म्हणाला, भांडी सर्व येथे आहेत. पण ती पंगतीसाठी, धन्याचे स्वतःचे अन्न मातीच्या मडक्यात शिजे. ग्रंथपाल म्हणाला, पुस्तके तीन हजार आहेत. पण ती मदरशातील विद्यार्थ्यांची आहेत.

निकितीनची पाचशे पानांची पंगत आणि हे मातीचे मडके यांत आम्हांस विरोध दिसत नाही. पंगत वजिराच्या पदाची होती, मडके त्याचे होते.

सुलतान खिन्न होऊन गप्प बसला. तेव्हा त्या खजिनदाराने जो प्रश्न विचारला तो विचारावयास छाती लागते. तो म्हणाला, गवानासारखे शेकडो तुमच्यावरून ओवाळून टाकावेत; पण ते पत्र कोणी आणले, कोणाजवळ सापडले, याची चौकशी का केली नाही? सुलतानास याचे उत्तर देता आले नाही.

खजिना रिता का होता, याचे एक कारण फिरिश्त्याने आधीच सांगून ठेविले आहे, आणि त्याचा धागा गोव्याशी जुळतो. गोवे जिंकून गवान परतला तेव्हा सुलतान स्वतः त्याच्या घरी आठवडाभर येऊन राहिला, आपल्या अंगावरील पोशाख त्यास दिला. राजमातेने त्यास भाऊ म्हटले. बादशहा गेल्यावर गवान आतल्या खोलीत गेला, जरीचा पोशाख उतरवून जमिनीवर अंग टाकून रडला, फकिराचा अंगरखा चढविला आणि घरातील रोकड, जडजवाहीर व सामानसुमान शहरातील विद्वानांस व गरजूंस वाटून मोकळा झाला. पुस्तके, घोडे आणि हत्ती तेवढे ठेविले. ते का ठेविलेत, असे एकाने विचारता तो म्हणाला की, पुस्तके विद्यार्थ्यांची आणि हत्ती-घोडे बादशहाचे. एवढ्या मानाने मनात गर्व शिरू लागला होता, त्याची त्याला भीती वाटली. गोव्याच्या विजयाचे एवढे एक फळ तरी बिदरच्या दारिद्र्याच्या पदरी पडले!

आता याच बिदरच्या बादशहाची आणखी एक गोष्ट आठवावी. ती आमच्या वाचकांच्या देवघरातली आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांना लुटू दिली. चहाडी बिदरास पोहोचली, पंतांना पकडून नेण्यास माणसे आली. वाटेत पंढरीचे दर्शन घडावे एवढे पंतांनी मागून घेतले. इकडे विठोबा महाराच्या रूपाने, काठी-घोंगडी घेऊन, बादशहाच्या दरबारी गेला. लहानशी थैली पालथी केली, ती रिती होईना. धान्याचे मोल फेडून पावती घेतली आणि ती पंतांच्या पोथीत नेऊन ठेविली. महिपतींनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा विस्ताराने आली आहे.

ही कथा पुष्कळ जण दुर्गादेवीच्या दुष्काळाशी, म्हणजे १३९६ पासूनच्या अवर्षणाशी, जोडतात. परंतु त्या वेळी बहामनींची राजधानी कलबुर्गीस होती. ‘बेदरचा बादशहा’ हा शब्द खरा धरावयाचा तर दुष्काळ पुढचाच असला पाहिजे. महंमदशहाच्या कारकिर्दीत बेळगावच्या स्वारीनंतर, १४७३च्या पुढे, सतत दोन वर्षे पाऊस पडला नाही आणि तिसऱ्या वर्षी पडला तेव्हा पेरावयास माणसे उरली नव्हती, असे फिरिश्ता लिहितो. दामाजीपंत नेमके याच दुष्काळातले, असा आमचा आग्रह नाही. मात्र गरिबांचा खजिना ठेवणारा वजीर आणि कोठारे उघडणारा अंमलदार यांना एकाच मुलखाने, एकाच शतकाच्या आगेमागे पाहिले, हे खरे.

दोन्ही हकीकती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. दोन्हींत सरकारी धन गरिबांच्या मुखी गेले आहे, दोन्हींत चहाडी आहे, दोन्हींत बादशहा हिशेब मागतो. कथेतील बादशहाला हिशेब वेळेवर मिळतो. तो पंतांना आलिंगन देतो आणि त्या महाराचे दर्शन पुन्हा घडवा म्हणून विनवितो. इतिहासातील बादशहाला हिशेब मिळाला तो मान उडविल्यानंतर. लोकांनी आपल्या कीर्तनातून जपली ती ज्यात पावती वेळेवर पोहोचली ती गोष्ट. दुसरी गोष्ट बखरकारांकडे राहिली.

पुढचे थोडक्यात सांगता येते. मोठे सरदार सुलतानाच्या डेऱ्यात येईनात. छावणीपासून दूर तळ देऊन राहू लागले. पुढल्याच वर्षी, १४८२ च्या मार्चात, महंमदशहा मेला. गवान माझे काळीज फाडतो आहे, असे तो शेवटी ओरडत होता म्हणतात. राज्याचे पाच तुकडे झाले. गोवे विजापूरच्या वाट्यास आले आणि १५१० साली पोर्तुगीजांनी ते घेतले. त्यानंतर गोमंतकातील देव रात्री-अपरात्री होड्यांतून नदीपार न्यावे लागले, ती कथा आमच्या वाचकांस आम्ही सांगावी असे नाही.

यंदाच्या हिवाळ्यात मुलांना घेऊन आम्ही बिदरास गेलो. प्रथम नरसिंह झरणीस. जांभ्या दगडात कोरलेल्या त्या भुयारात छातीइतक्या पाण्यातून चालत जावे लागते. वर वटवाघळे, पुढे अंधुक दिवे, आणि अगदी शेवटी भिंतीवर नृसिंह. टिनटिनच्या चित्रपटात शोभेल असा मार्ग! मोठा नातू देवास हात जोडून परतताना भिंती चाचपीत होता, हे आमच्या नजरेतून सुटले नाही.

तेथून मदरशाकडे गेलो. १४७२ साली गवानाने बांधलेली ही तीन मजली इमारत. इराणी धाटणीच्या रंगीत कौलांनी तिचे तोंड मढविले होते. त्यांतील निळे-हिरवे तुकडे उरल्या मनोऱ्यावर अजून चमकतात. दुसरा मनोरा नाही. औरंगजेबाने १६५७ साली बिदर जिंकले. पुढे मोगल अमलात येथे दारू साठविली गेली, तिचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला. ज्या खोल्यांत तीन हजार पुस्तके होती, त्यांत दारूची पोती रचणारे हात कोणाचे असतील ते असोत. आज तेथे एकही पुस्तक नाही.

पायऱ्यांवर बसून आम्ही मुलांना ती हकीकत सांगितली. खजिनदाराच्या प्रश्नापाशी मोठा नातू म्हणाला, ‘‘त्यालाही मारले का?’’ नाही, त्याने अभय आधी मागून घेतले होते, असे सांगितल्यावर त्याचे समाधान झाले. धाकटीचे लक्ष दुसरीकडेच होते. लारी म्हणजे केवढी, हे तिला हवे होते. आम्ही सांगितले की, ते गोल नाणे नव्हे. इराणातील लार शहरावरून नाव पडलेली, चांदीची तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसा मारलेली. कोकणच्या बंदरांत तीच चाले. वजन सुमारे पाच ग्रॅम. तिने केसांतला आकडा काढून तळहातावर ठेवला.

‘‘अशी?’’

‘‘साधारण अशीच.’’

‘‘आणि अशा तीनशे?’’

तीनशे म्हणजे दीड किलो चांदी, असा हिशेब मोठ्याने तोंडी करून दाखविला. तिने आकडा पुन्हा केसांत खोचला आणि मनोऱ्यावरची निळी कौले मोजावयास ती पायऱ्या उतरून पळाली.